सरदार सांभाळायचे कसे?



आजचा विषय तरुण श्रोत्यांनी सुचवलेला आहे. संगणकावर एक खेळ आहे, ‘क्रुसेडर किंग्ज ३’. स्वीडनच्या पॅरॅडॉक्स कंपनीने तो २०२० साली बाजारात आणला. मध्ययुगातला एखादा राजा किंवा सरदार निवडायचा आणि त्याचं घराणं पिढ्यानपिढ्या चालवायचं, असा तो खेळ. लढाया त्यात भरपूर आहेत. पण खेळणारी मुलं सांगतात की डोकेदुखी परक्या शत्रूची नसते, आपल्याच सरदारांची असते. राज्य वाढलं की सरदार रुसतात, आपसांत कुजबुजतात आणि एक दिवस सगळे मिळून खलिता धाडतात: आमचं म्हणणं मान्य करा, नाहीतर मैदानात या. मुलांचा प्रश्न असा, की या मंडळींना निष्ठावंत ठेवायचं कसं?

प्रश्न खेळातला असला तरी उत्तर आपल्या घरातलं आहे. हे भाग ऐकणारे आणि वाचणारे ग्वाल्हेरला आहेत, इंदूरला आहेत, बडोद्याला आणि नागपूरला आहेत. ही चारही गावं एकेकाळी एकाच राज्याच्या चार सरदारांची ठाणी होती. हे सरदार एकत्र आले तेव्हा दिल्लीचं तख्त त्यांच्या हातात होतं आणि वेगळे झाले तेव्हा ते गेलं. मी तीस वर्षं फौजेत काढली आणि निवृत्तीनंतर नोएडात राहतो, म्हणजे जिथे हे तख्त हातातून गेलं त्याच जमिनीवर. म्हणून हा विषय मला खेळाइतका हलका वाटत नाही.

आधी खेळाचे नियम

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक सरदाराचं राजाबद्दल एक मत असतं आणि ते आकड्यात दिसतं. उणे शंभर म्हणजे वैरी, अधिक शंभर म्हणजे जिवाला जीव देणारा. हा आकडा कशाने हलतो ते पाहा.

पहिली गोष्ट, सगळी जमीन राजाला स्वतःकडे ठेवता येत नाही. मर्यादेबाहेर ठेवली तर कारभार बिघडतो, म्हणून ती वाटावीच लागते. दुसरी, सरदाराशी करार असतो: फौज किती द्यायची, वसूल किती द्यायचा. करार कडक केला की मत घसरतं. तिसरी, बलाढ्य सरदाराला दरबारात मानाचं पद हवं असतं, नाही दिलं तर तो गाल फुगवून बसतो. चौथी, सबळ कारण नसताना एकाची जहागीर काढली तर तो एकटाच बिथरत नाही, बाकीचेही बिथरतात, कारण आज त्याची गेली तर उद्या आपली जाईल. पाचवी, भीती दाखवून लोक गप्प बसतात, पण भीती काळाबरोबर ओसरते. आणि सहावी, सगळ्यात महत्त्वाची: राजा मेला की त्याने जोडलेली माणसं वारसाला आयती मिळत नाहीत. नव्या राजाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

खेळाचा काळ १४५३ साली संपतो, त्यामुळे मराठे त्यात नाहीत. पण हे सहाही नियम आपल्या इतिहासाला लावून बघा.

हौज खासचा धडा

मराठ्यांच्या आधी दिल्लीने हा प्रश्न कसा हाताळला, ते एका तलावाच्या काठी दिसतं. हौज खासचा तलाव अलाउद्दीन खिलजीने खोदवला आणि त्याच्या काठावर कबर आहे ती फिरोजशाह तुघलकाची. एकाच जागी दोन विरुद्ध उपाय.

अलाउद्दीनने १२९६ ते १३१६ राज्य केलं. सुरुवातीलाच बंडं झाली, तेव्हा त्याने शिपायांना रोख पगार सुरू केला, घोड्यांना डाग दिले, प्रत्येक शिपायाचं वर्णन नोंदवून ठेवलं आणि अमीरांनी परवानगीशिवाय एकमेकांकडे मेजवान्या व सोयरिकी करू नयेत असा हुकूम काढला. सरदार एकत्रच येऊ नयेत, हा हिशेब. फिरोजशाह १३५१ ला गादीवर आला. त्याने पगाराऐवजी गावं तोडून दिली आणि बापाची जागा मुलाला मिळू दिली. सरदार खूष झाले, त्याची कारकीर्द शांततेत गेली. बिल पुढच्या पिढीने भरलं: तो १३८८ ला वारला आणि दहाच वर्षांत तैमूर दिल्लीत शिरला तेव्हा त्याला अडवायला एकजूट अशी सल्तनत उरलीच नव्हती.

अकबराने मधला रस्ता काढला. मनसबदाराला जहागीर दिली, पण ती दर तीन-चार वर्षांनी बदलायची. जमिनीत मूळ धरू द्यायचं नाही. फौजेत आजही अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो, त्यामागे कारणं अनेक आहेत, पण हे एक जुनं शहाणपण त्यात आहेच.

महाराजांनी काय केलं

शिवाजी महाराजांनी सरदार वतनावर कसा अडकतो हे लहानपणापासून पाहिलं होतं. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा आदिलशाहीने मावळच्या देशमुखांना फर्मानं धाडली. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला. कान्होजी जेधे महाराजांकडे आले आणि त्यांनी आपल्या वतनावर पाणी सोडलं. एकाच खोऱ्यातली, एकाच दर्जाची ही दोन माणसं. निष्ठा वतनातून आपोआप येत नाही, हे महाराजांनी यातून जोखलं.

त्यांनी वतनं मुळासकट उपटली नाहीत, तशी ती उपटता येण्यासारखीही नव्हती. पण लष्करी चाकरीच्या बदल्यात जमीन तोडून द्यायचं त्यांनी टाळलं. शिपायाला आणि सरदाराला रोख वेतन. अष्टप्रधानांची पदं वंशपरंपरागत नाहीत. किल्ल्यावर हवालदार, सरनौबत आणि सबनीस असे तीन जबाबदार अधिकारी, वेगवेगळ्या जातींचे, म्हणजे एकाच्या मनात आलं म्हणून किल्ला शत्रूच्या हवाली होऊ नये. ज्याने कधी ठाणं सांभाळलं आहे त्याला यातली खुबी कळेल. माणसावर विश्वास ठेवायचाच, पण सगळा भार एकट्याच्या इमानावर टाकायचा नाही.

या पद्धतीला एक अट होती: खजिन्यात रोकड हवी आणि वरती देखरेख करणारा धनी हवा.

अट मोडली तेव्हा

१६८९ साली संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. खजिना नाही, राजधानी नाही. औरंगजेब समोरून मराठे वतनदारांना मनसबी आणि जहागिऱ्या देऊ करत होता. अशा वेळी रोख पगार कुठून देणार? मग मराठी दरबारानेही सांगितलं की मोगलांचा जो मुलूख माराल तो तुमच्या सरंजामाला. ही चूक होती असं पुष्कळ जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या दिवशी दुसरा पर्याय नव्हता आणि याच बळावर संताजी-धनाजींनी औरंगजेबाची फौज दमवली. अडचण पुढे झाली. आणीबाणीत दिलेली सवलत शांततेत परत घेता येत नाही.

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. ताराबाईंनी धनाजी जाधवांना त्यांच्यावर पाठवलं आणि खेडच्या लढाईत धनाजी शाहूंना येऊन मिळाले. पुढच्याच वर्षी धनाजी वारले. मुलगा चंद्रसेन सेनापती झाला आणि १७११ मध्ये शाहूंना सोडून ताराबाईंकडे गेला, तिथून निजामाकडे. बापाची निष्ठा मुलाकडे आली नाही. खेळातला सहावा नियम हाच.

१७१९: दिल्लीत लिहिलेली सनद

शाहूंच्या मदतीला आले बाळाजी विश्वनाथ. १७१३ मध्ये ते पेशवे झाले, त्यांनी ताराबाईंच्या बाजूचे कान्होजी आंग्रे लढाई न करता, बोलणी करून शाहूंकडे वळवले. आणि १७१८-१९ मध्ये सय्यद हुसेन अलीबरोबर फौज घेऊन ते दिल्लीला आले. फर्रुखसियर पदच्युत झाला आणि मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. येसूबाईसाहेबांचीही सुटका झाली.

आता हा पैसा वाटायचा कसा? इथे बाळाजींनी जी खातेवाटणी केली ती खेळणाऱ्या प्रत्येक मुलाने समजून घ्यावी. एखाद्या गावाचा आकार शंभर रुपये धरा. सरदेशमुखी दहा रुपये, ती राजाची. चौथाई पंचवीस रुपये. या पंचविसाचे पुन्हा भाग: चौथा हिस्सा म्हणजे सव्वासहा रुपये राजबाबती, राजाची. शेकडा सहा म्हणजे दीड रुपया सहोत्रा, तो पंतसचिवाचा. शेकडा तीन म्हणजे पाऊण रुपया नाडगौडा, राजा मर्जीने देईल त्याला. उरले शेकडा सहासष्ट, म्हणजे साडेसोळा रुपये. हा मोकासा, सरदाराने त्यातून फौज ठेवायची.

बेरीज करा. राजाला सव्वासोळा, सरदाराला साडेसोळा. कागदावर जवळजवळ बरोबरी.

यात हुशारी अशी की एकाच मुलखात अनेकांचे हक्क गुंतवले. कोणा एकाला सलग, एकसंध प्रदेश मिळू नये, एकाच्या मुलखात दुसऱ्याचं देणं-घेणं असावं. शिवाय सरदाराच्या पदरी फडणीस, मुजुमदार, सबनीस असे दरकदार हुजुरातून नेमलेले, त्यांना सरदार परस्पर काढू शकत नव्हता. हिशेबाची वही धन्याची, तलवार सरदाराची.

पण एक गोष्ट कागदावर दिसत नाही. वसूल करायला घोड्यावर बसून जाणार कोण? सरदार. ज्याच्या हातात वसूल, त्याच्या हातात लगाम. राजाचे सव्वासोळा रुपये सरदाराच्या मर्जीने साताऱ्याला पोचायचे. राजाची स्वतःची हुजुरात लहान आणि सरदारांच्या फौजा दरसाल मोठ्या होत गेल्या, कारण मुलूख वाढला की त्यांचा मोकासा वाढत होता. राज्य वाढवण्याचं इंजिन हेच आणि राज्य सैल होण्याचं कारणही हेच.

शाहूंची समजूत

तरीही शाहू महाराजांच्या हयातीत हे गाडं मोडलं नाही. कारण शाहूंना भांडण मिटवता येत होतं.

१ एप्रिल १७३१ ला डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावांविरुद्ध सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. राज्याच्या पेशव्याशी लढताना राज्याचाच सेनापती पडला! दुसरा कोणी असता तर दाभाड्यांची दौलत जप्त करून विषय संपवला असता. शाहूंनी उमाबाई दाभाड्यांची समजूत घातली, सेनापतिपद मुलगा यशवंतराव याला दिलं आणि गुजरातच्या हक्कांची वाटणी करून दिली. तसंच १७४३ मध्ये. बंगालवरून नागपूरकर रघूजी भोसले आणि नानासाहेब पेशवे हातघाईवर आले होते. शाहूंनी दोघांना बोलावून मुलूख आखून दिले: बंगाल-ओडिशाकडची बाजू रघूजींची, माळवा आणि उत्तरेची पेशव्यांची.

शाहूंकडे मोठी फौज नव्हती. होतं ते एवढंच, की त्यांचा निवाडा दोन्ही बाजूंना पक्षपाती वाटत नसे. खेळात याला आकडा नाही. फौजेत मी पाहिलं आहे, जवान कडक अधिकाऱ्याला सहन करतो, कंजूष अधिकाऱ्यालाही सहन करतो, पण रजेच्या यादीत ज्याने आपल्या मर्जीतल्याचं नाव वर सरकवलं त्याला तो कधी माफ करत नाही.

शाहू १७४९ ला गेले. त्यानंतर धनी म्हणून पेशवे उरले, आणि पेशवा हा काल-परवापर्यंत बाकीच्या सरदारांच्या पंगतीतलाच एक होता. भोसल्यांना तो वरचा वाटेना, दाभाडे-गायकवाडांनाही नाही.

माधवरावांचा करार

पानिपतानंतर थोरले माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले. नागपूरकर जानोजी भोसले निजामाला मिळाले होते, १७६३ च्या राक्षसभुवनच्या वेळी त्यांना फोडून आणावं लागलं, त्याबद्दल मुलूखही द्यावा लागला. पुढे माधवरावांनी तो बराचसा परत घेतला आणि १७६९ च्या कनकापूरच्या तहात अटी स्पष्ट लिहून घेतल्या: बोलावणं आलं की फौजेसह हजर व्हायचं, पेशव्यांना विचारल्याशिवाय फौज वाढवायची नाही, परक्या सत्तांशी परस्पर राजकारण करायचं नाही.

इथे लक्ष द्या. माधवरावांनी जानोजींची दौलत बुडवली नाही. मोडून काढलं असतं तर बाकीचे सरदार सावध झाले असते. त्यांनी करार दुरुस्त केला आणि माणूस ठेवला. ते १७७२ मध्ये गेले, वय सत्तावीस.

दिल्ली हातात आली आणि गेली

उत्तरेत महादजी शिंद्यांनी शाहआलमला १७७२ मध्ये दिल्लीत आणून बसवलं. १७८४ मध्ये बादशहाने वकील-इ-मुतलक हे पद दिलं ते पेशव्यांना, महादजी त्यांचे नायब. महादजींची कवायती फौज पेशव्यांच्या फौजेपेक्षा किती तरी भारी होती, तरी त्यांनी पद धन्याच्या नावावर घेतलं. पुण्याला आल्यावर स्वतःला ‘पाटील’ म्हणवून पेशव्यांचे जोडे उचलले. काही जण याला नाटक म्हणतात. असेल. पण बलाढ्य सरदाराला असं नाटक करावंसं वाटतं, यातच धन्याच्या गादीची अजून शिल्लक असलेली किंमत दिसते.

११ मार्च १७९५ ला खर्ड्याला निजामाविरुद्ध शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड, पटवर्धन सगळे एका झेंड्याखाली होते. ती शेवटची वेळ. महादजी त्याआधीच वर्षभर गेले होते. १७९५ मध्येच अहिल्याबाई आणि सवाई माधवराव गेले, १७९७ मध्ये तुकोजी होळकर, १८०० मध्ये नाना फडणीस. पाच-सहा वर्षांत जुन्या ओळखीचं एक माणूस उरलं नाही. खेळात एकदा राजा बदलला तर घाम फुटतो, इथे धनी, कारभारी आणि सरदार सगळेच बदलले.

आणि नव्या धन्याने, दुसऱ्या बाजीरावाने, भीतीचा उपाय केला. १८०१ मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. भाऊ यशवंतराव फौज घेऊन आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ त्यांनी पेशव्यांची आणि शिंद्यांची फौज बुडवली. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून त्याने स्वतःच दुसऱ्याचा मांडलिक व्हायचं पत्करलं. सरदारांनी धनी सोडला असं आपण म्हणतो. आधी धन्याने सरदारांना सोडलं होतं.

मग आला ११ सप्टेंबर १८०३. यमुनेच्या पूर्वेला, पटपडगंजच्या बाजूला, जनरल लेकसमोर शिंद्यांची कवायती फौज उभी राहिली. आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात या लढाईचा स्तंभ आहे. वरचा सेनापती पेराँ काही दिवसांपूर्वीच इंग्रजांकडे निघून गेला होता, लढाईनंतर तीन दिवसांत बुर्किनही स्वाधीन झाला. होळकर तटस्थ राहिले. भोसल्यांनी डिसेंबरात देवगावचा, शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. १८०४ मध्ये यशवंतराव दिल्लीच्या तटाखाली येऊन भिडले, तेव्हा शिंदे तह करून बसलेले. दोघेही लढले, पण एकाच वर्षी नाही.

तर मुलांनो, उत्तर काय?

खेळासाठी हवं असेल तर माझा सल्ला चार ओळींचा आहे. वाटा, पण सलग वाटू नका. स्वतःची हुजुरात कोणत्याही दोन सरदारांच्या बेरजेपेक्षा मोठी ठेवा. करार मोडणाऱ्याला बुडवू नका, करार दुरुस्त करा. आणि वारसाला तुमच्या हयातीतच सरदारांची ओळख करून द्या, त्यांच्या भांडणात त्याला निवाडा करायला बसवा.

खेळाबाहेरचं उत्तर मात्र वेगळं आहे. पटपडगंजनंतर दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबर १८०३ ला अलवरजवळ लासवारीला शिंद्यांच्या कवायती पलटणी पुन्हा लढल्या. बहुतेक युरोपीय अधिकारी पळालेले, पेशवा इंग्रजांच्या आश्रयाला, होळकर दूर. तोफांवरचे गोलंदाज तोफेपाशीच कापले गेले, जागा सोडली नाही. खुद्द लेकने त्यांच्या शौर्याची वाखाणणी केली. यांना जहागीर नव्हती, दरबारात मान नव्हता. पगार होता, तोही कधी वेळेवर, कधी थकलेला. पण शेजारी उभा असलेला माणूस वर्षानुवर्षांच्या ओळखीचा होता आणि तोफ आपली होती.

आज आपल्या फौजेत ना सरंजाम आहे ना मोकासा. जवानाला पगार सरकारकडून मिळतो, साहेबाकडून नाही. साहेब बदलतो, पलटण राहते. २०२२ पर्यंत भरती होणाऱ्या जवानाला, त्याच्यामागे त्याच्या घरच्यांना पेन्शन मिळेल याची खात्री असे. सरदाराचं मन वळवत बसायची गरज राहू नये अशी ही व्यवस्था आहे, आणि ती उभी राहायला पुष्कळ पटपडगंज खर्ची पडले आहेत.

पुढच्या भागात लासवारीच्या तोफखान्यावर बोलू. तोवर ग्वाल्हेरकरांनी इंदूरकरांशी भांडू नये. जय हिंद.